घरातील बेगमी आणि आपत्तीचे पहिले तीन दिवस

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, धान्याला ऊन देऊन ते भरून ठेवावे, सरपण कोरड्या जागी रचावे, पापड-सांडगे-कुरडयांची वाळवणे उरकावीत, हा आपल्याकडील घरसंसाराचा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ होता. कोकणात या तयारीला आगोट म्हणत. तांदूळ, मीठ, आमसुले, सुकी मासळी आणि शेणी यांची मोजदाद होऊन ती घरात आल्याखेरीज घरची वडीलधारी मंडळी निश्चिंत होत नसत. गोव्यात याच तयारीला पोर्तुगीज अमदानीतून रुळलेले 'पुरुमेंत' हे नाव आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावर तेथे पुरुमेंताची फेस्ते आजही भरतात. देशावर कणगी, बळद आणि पेव ही याच दूरदृष्टीची साधने होती. यामागे हौस नव्हती. नद्या चढल्या की वाटा बंद होणार आणि तेवढे दिवस घराला घरावरच निभावून न्यावे लागणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

त्यानंतरच्या काळात रस्ते झाले, पूल झाले, गावोगावी वीज पोचली, नळ आले. कणगीची जागा किराणा दुकानाने घेतली आणि मोठ्या शहरांतून आता दुकानापर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. मागणी नोंदविल्यापासून काही मिनिटांत जिन्नस दारात येतो. ही प्रगती आहे आणि तिच्याविषयी खंत करण्याचे काहीच कारण नाही. तथापि या सुविधांबरोबर एक गोष्ट आपल्या नकळत घडली. घरात काहीच नसले तरी चालते, ही सवय अंगवळणी पडली. पुरवठा सुरळीत असेपर्यंत ती सवय सोयीची असते. तो खंडित झाला, की सुखवस्तू घरालाही दुसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्याची विवंचना पडते.

एक दोर तुटला की

ऑगस्ट २०१९ मधील कोल्हापूर-सांगलीचा महापूर हे याचे ठळक उदाहरण होय. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे; तेथे पाणी ५७ फुटांच्या पुढे चढले. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. इंधन, दूध आणि भाजीपाला यांची वाहतूक अडून पडली. ज्या वस्त्यांना पुराचे पाणी शिवलेही नव्हते, तेथील रहिवाशांनाही त्याची झळ पोचली, कारण नदीतून पाणी उपसणारी केंद्रेच पाण्याखाली गेली. शहराभोवती अथांग पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी विलक्षण अवस्था झाली. जुलै २०२१ मध्ये तिचा पुन्हा अनुभव आला.

दुसरे उदाहरण कोकणातील आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब मोडून पडले, वाहिन्या तुटल्या आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील अनेक गावे कित्येक दिवस, काही तर त्याहूनही अधिक काळ अंधारात राहिली. वीज गेली म्हणजे केवळ दिवा गेला, असे आता राहिलेले नाही. भ्रमणध्वनीचे मनोरे मुके झाले, बँकेचे रोकडयंत्र बंद पडले. विहीर तुडुंब भरलेली असली तरी पंप चालत नसेल आणि दोर-पोहरा घरात उरलेला नसेल, तर ते पाणी हाती येत नाही. पेट्रोलपंपाच्या टाकीतील इंधन वर काढावयालाही वीजच लागते. आपण वीज, पाणी, बातमी आणि पैसा या चार निरनिराळ्या सोयी मानतो. प्रत्यक्षात त्या एकाच तारेला लोंबकळत आहेत.

महानगरही याला अपवाद नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला तेव्हा लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि उंच इमारतींतील उद्वाहने बंद पडली. बहुतेक भागांत काही तासांतच वीज परत आली, म्हणून ही घटना लवकर विस्मरणात गेली. परंतु बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या दृष्टीने ते तास किती लांबलचक असतील, याचा विचार करून पाहावा. उंच इमारतीत पंप थांबला की गच्चीवरील टाकीत जेवढे पाणी असेल तेवढेच सर्वांचे असते, आणि ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे ते पाणी पहिल्या दोन-तीन तासांतच संपवून टाकले जाते.

तीन दिवसांचा हिशेब

घराने किती दिवसांची तयारी ठेवावी, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. साधारणतः तीन दिवस हे किमान प्रमाण धरले जाते. भूकंपांचा देश असलेल्या जपानमध्ये प्रत्येक कुटुंबाने किमान तीन दिवसांचे आणि शक्य तर आठवड्याचे अन्नपाणी घरात ठेवावे, असे सांगितले जाते. १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबर हा दिवस तेथे आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळला जातो. स्वीडनच्या शासनाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये या विषयावरील पुस्तिका घरोघरी पोचविली. युरोपीय आयोगानेही मार्च २०२५ मध्ये नागरिकांनी ७२ तासांपुरते स्वावलंबी असावे, अशी शिफारस केली. पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिल रोजी, स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांतील वीज भर दुपारी गेली आणि खिशात रोख रक्कम व घरात सेलवर चालणारा रेडिओ असणे म्हणजे काय, हे तेथील लोकांना एका दिवसात उमगले.

तीन दिवसांमागे एक साधे कारण आहे. मोठी आपत्ती कोसळते तेव्हा राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद दले, लष्कर, नौदल, पोलीस, महसूल आणि आरोग्य यंत्रणा या सर्वांचे हात प्रथम छपरावर अडकलेल्या, ढिगाऱ्याखाली सापडलेल्या, प्रसूतीला आलेल्या माणसाकडे वळतात आणि तसेच ते वळले पाहिजेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा एवढ्या अफाट महानगरात प्रत्येक दाराशी एकाच वेळी पोचणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नव्हते. ज्या घराला पाण्याचा धोका नाही, केवळ गैरसोय आहे, त्या घराने तीन दिवस आपल्या घरच्या बळावर काढले, तर मदतीची नाव, पाण्याचा टँकर आणि अन्नाचे पाकीट ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे लवकर पोचते. घरची बेगमी ही या अर्थाने शेजाऱ्याला केलेली मदतच आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बेगमी आणि साठेबाजी या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांची वेळ निराळी आहे. २४ मार्च २०२० रोजी रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि तासाभरात किराणा दुकानांपुढे झुंबड उडाली. त्या गर्दीत ज्याच्या हाती पैसा होता त्याने दोन महिन्यांचे सामान नेले आणि रोजंदारीवरचा माणूस रिकामी पिशवी घेऊन परतला. संकट दारात आल्यावर केलेली खरेदी दुसऱ्याच्या ताटातून घेतली जाते. तीच खरेदी स्वस्थतेच्या दिवसांत, दर महिन्याला एखादा किलो अधिक घेऊन केली, तर बाजाराला त्याची चाहूलही लागत नाही. म्हणून हवामान खात्याचा लाल इशारा आल्यावर दुकानाकडे धावणे, याला पूर्वतयारी म्हणता येणार नाही.

पाणी

अन्नावाचून माणूस काही दिवस तग धरतो, पाण्यावाचून नाही. म्हणून बेगमीचा विचार पाण्यापासून सुरू व्हावा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दररोज तीन लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ४५ लिटर लागते. पंधरा लिटरचे तीन झाकणबंद डबे म्हणजे ही सोय झाली. हात-पाय धुणे, भांडी, शौच इत्यादी सर्व गोष्टी धरून माणशी दररोज पंधरा लिटर हे आपत्काळातील काटकसरीचे प्रमाण मानले जाते. त्या हिशेबाने घरात दोनशे लिटरचे एक पिंप आणि वर एक-दोन बादल्या भरलेल्या असाव्यात. एवढ्या पाण्याला मोठी जागा लागत नाही.

अडचण जागेची नसून डासांची आहे. डेंग्यूचा फैलाव करणारा एडिस डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हावयाला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्यास सांगतो तो याच कारणाने. एकीकडे पाणी साठवा म्हणावयाचे आणि दुसरीकडे साठवू नका म्हणावयाचे, यात विसंगती वाटेल; पण तशी ती नाही. पिंपाला घट्ट झाकण असावे, झाकण सैल असेल तर त्यावर धुवट फडके ताणून बांधावे आणि आठवड्यातून एकदा पाणी वापरून टाकून, पिंपाच्या आतील कडा घासून, ते कोरडे करून पुन्हा भरावे. नुसते पाणी ओतून दिल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत, घासणे आवश्यक असते. ज्या गावात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते तेथील गृहिणींना हे वेगळे सांगावयास नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. त्या काळात लातूरकरांनी पाण्याचा जो हिशेब ठेवला, तो इतर शहरांनी जरूर अभ्यासावा.

पुरानंतर नळाला आलेले पहिले पाणी गढूळ असो वा नितळ, ते तसेच पिऊ नये. तुरटी फिरविल्याने गाळ खाली बसतो. रोगजंतू मरत नाहीत. तुरटीने निवळलेले पाणी दुहेरी फडक्याने गाळून चांगले उकळावे. इंधन अपुरे असेल तर ग्रामपंचायत किंवा आरोग्य केंद्राकडून मिळणारे क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालावे आणि अर्धा तास थांबून मगच पाणी वापरावे. जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनी घरीच तयार करता येते. एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एवढेच तिचे प्रमाण आहे. चमचा चहाचा असावा आणि मीठ अंदाजाने घालू नये.

धान्य आहे, पण चूल?

अन्नाच्या बाबतीत आपल्या घरांची परंपरा इतकी समृद्ध आहे की परदेशी पद्धतीच्या डबाबंद पदार्थांची आपल्याला गरज नाही. घरात तांदूळ आणि डाळ असते. प्रश्न त्या शिजविण्याचा असतो. विजेवरील शेगडी अशा वेळी कुचकामी ठरते आणि नेमका सिलिंडर संपलेला असतो. म्हणून दोन सिलिंडरची जोडणी असलेल्यांनी दुसरा सिलिंडर रिकामा होताच नोंदणी करण्याचा नियम ठेवावा, आणि तीन दिवसांपैकी निदान एक दिवस चुलीवाचून भागेल असे अन्न नेहमी घरात असावे. पोहे, चुरमुरे, लाह्या, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू हे पदार्थ कोणत्याही वाण्याकडे मिळतात. सातूचे पीठ तर पाण्यात कालवून त्यात गूळ घातला की पोटभरीचे जेवण होते. लहान मुलांना आणि वृद्धांना ते पचतेही. सोलापूरकडील ज्वारीची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. मेतकूट आणि लोणचे असले की कोरडे अन्नही घशाखाली उतरते. हे सामान निराळे बांधून विसरून जाण्याचे नाही. रोजच्या वापरातच ते ठेवावे, जुने आधी संपवावे आणि जेवढे संपले तेवढे पुन्हा भरावे. विसरलेल्या डब्याला पोरकिडे होतात.

कोळशाची शेगडी वापरावयाची झाल्यास ती बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही. पुराचे पाणी घरात शिरण्याची चिन्हे दिसताच सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. गॅसगळतीची शंका आल्यास १९०६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

उजेड, बातमी आणि रोकड

मेणबत्ती अंधार घालविते आणि कधी कधी घरही जाळते. सेलवर चालणारी किंवा भारित करता येणारी विजेरी केव्हाही श्रेयस्कर. वादळाचा किंवा अतिवृष्टीचा इशारा मिळताच मोबाईल आणि त्याला जोडावयाची साठवण बॅटरी पूर्ण भारित करून घ्यावी. वीज गेल्यावर मोबाईलवर चलच्चित्रे पाहत बसण्याचा मोह टाळावा. संभाषण जुळत नसेल तेव्हाही लघुसंदेश बहुधा पोचतो. सेलवरचा छोटा रेडिओ अनेक घरांतून हद्दपार झाला आहे. त्याला पुन्हा जागा द्यावी, कारण मनोरा पडला तरी आकाशवाणी ऐकू येऊ शकते, आणि अफवांच्या बाजारात अधिकृत सूचना कळण्याचा तो एक भरवशाचा मार्ग आहे.

पैशाचे व्यवहार आता भाजीवाल्यापर्यंत मोबाईलवर होऊ लागले आहेत. तीन-चार दिवसांच्या खर्चापुरती रोख रक्कम, तीही लहान नोटांत, घरात असावी. पाचशेची नोट अशा वेळी कोणी मोडून देत नाही.

घरात वीज ज्या खटक्याने संपूर्ण बंद होते तो मुख्य खटका कोठे आहे, हे घरातील प्रत्येक प्रौढ माणसाला ठाऊक असावे. पाणी जोत्याला लागण्यापूर्वी तो बंद करावा. पूर ओसरल्यावर घाईने तो चालू करू नये. ओल्या भिंतीतून वीज उतरते. जाणकाराकडून तारा तपासून घेतल्यानंतरच तो चालू करावा.

आजारी, अपंग, गर्भवती

कोणत्याही आपत्तीत सर्वांत आधी ज्यांच्यावर प्राणसंकट येते ते पुरात सापडलेलेच असतात असे नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, फेफरे यांची औषधे ज्यांना नित्य घ्यावी लागतात त्यांच्या गोळ्यांची पट्टी संपत आलेली असताना वाट बंद झाली, तर काय होईल? अशा रुग्णांच्या घरी निदान आठ-पंधरा दिवसांची औषधे शिल्लक असताच नवी आणावीत, आणि वैद्यांनी दिलेल्या चिठ्ठीची एक प्रत पाकिटात ठेवावी. इन्शुलिन शीतपेटीत ठेवले जाते. वीज गेल्यास ते घट्ट बंद पिशवीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवल्याने उष्णतेपासून त्याचे बऱ्याच अंशी रक्षण होते. आपले इन्शुलिन शीतपेटीबाहेर किती दिवस टिकते, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाने नेहमीचे केंद्र गाठता न आल्यास दुसरे कोठे जाता येईल, हे पावसाळ्यापूर्वी ठरवून ठेवले पाहिजे. ज्यांच्या घरी प्राणवायूचे विजेवर चालणारे यंत्र आहे त्यांनी वीज गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पर्यायी सिलिंडरची व्यवस्था आधीच करावी.

गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क पर्लकोटेला पूर आला की तुटतो, आणि हे जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात घडते. अशा दुर्गम आदिवासी भागांत प्रसूतीपूर्वी गर्भवतीने येऊन राहावे म्हणून आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' ही सोय करण्यात आली. तिच्यामागील विचार शहरातील आणि मैदानी प्रदेशातील कुटुंबांनीही उचलण्याजोगा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरत असतील आणि गाव नदीच्या पलीकडे असेल, तर रुग्णालयाच्या जवळ राहणारे नातलग आधीच हुडकावेत.

पुरानंतरच्या दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालल्याने लेप्टोस्पायरोसिस होण्याचा संभव असतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये, आणि ताप आल्यास अंगावर न काढता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

घर सोडण्याची तयारी

आतापर्यंत जे सांगितले ते घरातच राहता येईल तेव्हाचे. नदीकाठच्या, डोंगरउताराखालच्या आणि किनाऱ्यावरच्या घरांना दुसरी तयारी ठेवावी लागते आणि ती अधिक कठीण आहे. तळमजल्यावर भरून ठेवलेले धान्य पुरात घराआधी बुडते, म्हणून अशा घरांनी बेगमी माळ्यावर करावी आणि मुख्य भर वेळेवर निघण्यावर ठेवावा.

२०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या अनेक गावांनी २००५ च्या पुराची खूण प्रमाण मानली. त्या वर्षी पाणी येथवर आले होते, त्यापुढे ते जाणार नाही, असा हिशेब करून माणसे घरातच थांबली. पाणी ती खूण ओलांडून वर गेले, आणि तोपर्यंत बाहेर पडण्याचे रस्ते बुडाले होते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना घेऊन जाणारी नाव उलटली आणि त्यात स्त्रिया-मुलांसह अनेकांचे प्राण गेले. भिंतीवरची जुनी खूण मागील पुराची साक्ष देते, पुढच्या पुराची मर्यादा ठरवीत नाही. निघावे केव्हा, हे पाणी अंगणात आल्यावर ठरवावयाचे नसते. नदीने इशारा पातळी गाठली की वृद्ध, मुले आणि आजारी माणसे हलवावयाची आणि धोक्याच्या पातळीपूर्वी सर्वांनी निघावयाचे, असा निश्चय कोरड्या दिवसांत घरातील सर्वांनी मिळून करावा.

माणसे निघत नाहीत याचे एक मोठे कारण म्हणजे गोठा. दावणीची दुभती म्हैस सोडून जाणे शेतकऱ्याला जिवावर येते आणि ते समजण्यासारखे आहे. कित्येक कुटुंबांचा सारा चरितार्थ त्या दावणीला बांधलेला असतो. यावर उपाय एकच : जनावरे माणसांच्या आधी हलवावीत. उंचावरच्या कोणत्या माळावर किंवा कोणत्या पाहुण्यांच्या गोठ्यात ती जातील आणि वैरण कोठून येईल, हे ग्रामपंचायतीने आणि दूध संस्थेने मे महिन्यातच ठरविले तर ऐन वेळी माणसांचा पाय अडखळत नाही. इतके करूनही जनावर मागे ठेवणे भाग पडले, तर त्याचे दावे सोडून द्यावे. बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

शिधापत्रिका, आधारपत्र, सात-बाराचा उतारा, बँकेचे पासबुक, विम्याची कागदपत्रे आणि मुलांची प्रमाणपत्रे एका जलाभेद्य पिशवीत एकत्र असावीत. त्यांची छायाचित्रे मोबाईलमध्येही ठेवावीत. पंचनाम्याच्या वेळी ती उपयोगी पडतात.

ज्यांना साठा परवडत नाही

सांगितलेले सर्व ज्याच्या हाती महिन्याचा पगार येतो त्याला जमण्यासारखे आहे. रोज मिळवून रोज खाणाऱ्या कुटुंबाला तीन दिवसांचे धान्य बाजूला ठेवा, हा उपदेश ऐकविणे क्रूरपणाचे ठरेल. अशा घरांसाठी बेगमी सामुदायिकच असली पाहिजे. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या दुर्गम गावांसाठी पावसापूर्वीच काही महिन्यांचे शिधावाटपाचे धान्य पोचते करण्याची पद्धत नवसंजीवन योजनेतून राज्यात रूढ आहे. २०२५ मध्ये जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांचे धान्य लाभार्थ्यांना आगाऊ देण्याची मुभा केंद्र शासनाने दिली होती. अशी संधी येईल तेव्हा धान्य वेळेवर उचलावे. गावोगावच्या महिला बचत गटांनी आठवड्याच्या वर्गणीबरोबर दर घरामागे दोन मुठी धान्य आणि थोडा गूळ जमा करण्याचा प्रघात पाडल्यास वर्षभरात एका वाडीला पुरेल एवढा साठा सहज होतो. तो शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या उंच जोत्यावर ठेवावा. शहरातील गृहनिर्माण संस्थांनीही आपल्या इमारतीत एकटे राहणारे वृद्ध कोण, चालू न शकणारे कोण, घरकामाला येणाऱ्या बाईंची वस्ती कोणत्या नाल्याकाठी आहे, याची नोंद ठेवली तर ती सभेच्या इतिवृत्तातील बऱ्याच ठरावांपेक्षा अधिक कामाची ठरेल.

तयारीची उजळणी वर्षातून दोनदा व्हावी. एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. विजेरीतील सेल गळले आहेत का, औषधांची मुदत उलटली आहे का, पिंपाचे झाकण बसते का, दोर कुजला आहे का, एवढे पाहावयाला एक सकाळ पुरते. दूरध्वनी क्रमांक मोबाईलमध्ये असले तरी एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, त्यानंतर गावचे तलाठी, आरोग्य केंद्र, वीज कार्यालय, आणि परगावातील एखादा नातलग, ज्याच्याकडे ताटातूट झालेल्या घरच्या सर्वांनी निरोप द्यावयाचा. वही घरातील शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावी, म्हणजे क्रमांक त्याच्याही ध्यानात राहतील, आणि ती कपाटात न ठेवता दाराशेजारच्या खुंटीला विजेरीच्या जोडीला टांगावी.